सलग धावावं की थांबून-थांबून? लेकींच्या दमाची गोष्ट



मागच्या महिन्यात आपण मुलींच्या हाडांविषयी बोललो होतो. कार्यक्रमानंतर बरेच फोन आले. त्यातला एक काही केल्या आमच्या डोक्यातून जाईना. शेजारच्या गावातल्या एका ताईंचा फोन होता. त्या म्हणाल्या, “माझी पोरगी सतरा वर्षांची आहे. पोलीस भरतीचं तिनं मनावर घेतलंय. रोज पहाटे डांबरी रस्त्यानं धावते. दोन महिने झाले, पण दम काही वाढत नाही. तिच्या मैत्रिणीला कुणीतरी सांगितलं, असं सलग धावून काही उपयोग नाही. जोरात धावायचं, थांबायचं, परत जोरात धावायचं. आता दोघींचा रोज वाद. खरं कुणाचं? आणि माझी सासू म्हणते, मुलीच्या जातीला हे झेपत नाही. तेही खरं का?”

एका फोनमध्ये दोन प्रश्न. आजचं बोलणं या दोन प्रश्नांवरच आहे. त्या ताईंची आणि त्यांच्या लेकीची परवानगी घेऊन बोलतोय. नावं सांगणार नाही, पण पुढं काय झालं ते सांगू.

दम म्हणजे नेमकं काय?

आपण सहज म्हणतो, हिच्यात दम आहे, तिच्यात नाही. शरीरात हा दम असतो कुठं?

विहीर, मोटर, पाट आणि शेत डोळ्यांसमोर आणा. शेत म्हणजे आपल्या पायांचे स्नायू. त्यांना काम करायला ऑक्सिजन लागतो. तो रक्तातून येतो. रक्त पुढं ढकलणारी मोटर म्हणजे हृदय. आणि शेतभर फिरणारे पाट म्हणजे बारीक-बारीक रक्तवाहिन्या. मोटर जोरकस असली, पाट भरपूर असले आणि विहिरीला पाणी असलं, तर शेत भिजतं. यातलं एक जरी कमी पडलं, तरी शेताचं टोक कोरडं राहतं. धावताना धाप लागते, पाय जड होतात, ते यामुळंच.

व्यायामानं मोटर आणि पाट दोन्ही सुधारतात. ज्या व्यायामात बराच वेळ श्वास वाढलेला राहतो, नाडी वाढलेली राहते, त्याला एरोबिक व्यायाम म्हणतात. भरभर चालणं, धावणं, सायकल, दोरीच्या उड्या, पोहणं, खो-खो हे सगळं त्यातच येतं. तो करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि त्या दोन मुलींचा वाद नेमका याच दोन पद्धतींचा आहे.

पहिली पद्धत: सलग

एकाच संथ गतीनं, न थांबता वीस मिनिटं, अर्धा तास, पाऊण तास चालायचं किंवा धावायचं. गती किती ठेवायची? सोपी खूण सांगतो. धावता-धावता मैत्रिणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता आलं तर गती फार कमी आहे. बोलताच येत नसेल तर फार जास्त आहे.

नाडीवरूनही कळतं. मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि १० सेकंदांचे ठोके मोजा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे संथ धावल्यानंतर साधारण २२ ते २५ ठोके भरतात. त्याला सहानं गुणलं की मिनिटाला १३० ते १५० होतात.

अशा सलग धावण्यानं स्नायूंमध्ये नवे पाट निघतात, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या वाढतात. स्नायू ऑक्सिजन जास्त चांगला वापरू लागतात. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, म्हणून बसल्या जागचे ठोके हळूहळू कमी होतात. पायांचे सांधे, शिरा, हाडं यांनाही धावण्याची सवय लागते. हा सगळा पाया असतो आणि तो सावकाशच भरतो.

दुसरी पद्धत: थांबून-थांबून

यात थोडा वेळ जोरात धावायचं आणि मग थोडा वेळ चालायचं. पुन्हा जोरात, पुन्हा चाल. उदाहरणार्थ, एक मिनिट जोरात आणि दोन मिनिटं चालणं, असं पाच वेळा. याला इंटरव्हल म्हणतात. जोरात धावल्यावर दोन-तीन शब्दांपलीकडं बोलता येत नाही आणि १० सेकंदांत २८ ते ३१ ठोके भरतात.

नाव इंग्रजी असलं तरी गोष्ट आपल्याला नवी नाही. खो-खो आठवा. एकदम वेगानं पाठलाग, मग खो देऊन बसायचं, पुन्हा उठून धावायचं. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची, मग परत आपल्या अंगणात. लहानपणी लंगडी, शिवाशिवी खेळताना आपण सगळ्या हेच करत होतो.

थांबून-थांबून का करायचं? जोरात धावण्यानं मोटरवर पुरता ताण येतो आणि तिची ताकद झपाट्यानं वाढते. पण तेवढ्या जोरात सलग दहा मिनिटं धावणं कुणालाच जमत नाही. मधे विश्रांती घेतली की तोच जोर पुन्हा लावता येतो. पाच वेळा एक-एक मिनिट केलं, तर पाच मिनिटं जोराचं काम होतं. न थांबता ते दीड-दोन मिनिटांतच संपलं असतं.

चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या फेऱ्या पुन्हा पुन्हा मारून सराव करायचा, मधे हळू पळायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यानं ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकली. तेव्हापासून ही पद्धत जगभर आणखी पसरली.

मग चांगली कुठली?

१९९६ मध्ये जपानच्या इझुमी ताबाता या संशोधकानं एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तरुण मुलांचे दोन गट होते. एका गटानं सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास मध्यम गतीनं व्यायामाची सायकल चालवली. दुसऱ्या गटानं पाचपैकी चार दिवस फक्त २० सेकंद जीव तोडून सायकल आणि १० सेकंद विश्रांती असं सात-आठ वेळा केलं. म्हणजे जेमतेम चार मिनिटं. दोन्ही गटांची ऑक्सिजन घेण्याची क्षमता वाढली. जोराच्या, दम रोखून करायच्या कामाची क्षमता मात्र फक्त दुसऱ्या गटात वाढली, तीही २८ टक्क्यांनी.

हे ऐकून “चार मिनिटांत काम होतंय की!” असं म्हणू नका. ती मुलं आधीच खेळाडू होती आणि शेवटी पार कोसळायच्या बेतात येईपर्यंत सायकल मारत होती. आपल्या मुलींनी तसं सुरू करायचं नाही.

पुढं किशोरवयीन मुलामुलींवरही शाळांमधून बरेच अभ्यास झाले. त्यांचा सूर साधारण एकच आहे. दोन्ही पद्धतींनी दम वाढतो. थांबून-थांबून केलेल्या व्यायामाला वेळ कमी लागतो आणि फायदा सलग व्यायामाइतका किंवा थोडा जास्त दिसतो. फार मोठा फरक मात्र नाही. खरा फरक नियमितपणानं पडतो. आठवड्यातून तीनदा, दोन-तीन महिने जी टिकून राहते, तिचा दम वाढतो. मग पद्धत कुठलीही असो.

म्हणजे त्या दोघी मैत्रिणींपैकी कुणीच चुकीची नाही. आणि ज्या शर्यतीसाठी त्या धावत होत्या, तिला तर दोन्ही लागतात. महाराष्ट्रात पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावं लागतं, शिवाय गोळाफेक. ८०० मीटर ही मोठी चकवणारी शर्यत आहे. तीन मिनिटांच्या आत-बाहेर संपते, म्हणून मुलींना वाटतं की नुसता वेग हवा. पण त्यात निम्म्याहून जास्त काम ऑक्सिजनवर चालतं. म्हणजे पाया सलग धावण्याचा आणि वरचा वेग थांबून-थांबून धावण्याचा. नुसतं संथ धावणारी मुलगी शेवटच्या २०० मीटरमध्ये मागं पडते. नुसती जोरात धावणारी तिथवर पोचेपर्यंतच गळून जाते.

“मुलीच्या जातीला झेपत नाही”

आता सासूबाईंचा प्रश्न. गंमत अशी की तो फक्त आपल्याकडच्या सासूबाईंचा नाही. हेच ८०० मीटर जगातल्या मोठ्या मोठ्या पुरुषांनी बायकांना नाकारले होते.

१९२८ साली अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिलं. जर्मनीच्या लीना राडके यांनी २ मिनिटं १६.८ सेकंदांत शर्यत जिंकली. तो जागतिक विक्रम होता. शर्यत संपल्यावर काही जणी दमून मैदानावर टेकल्या. पुरुषही टेकतात, त्यात काय एवढं? पण वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून छापलं की बायका कोसळल्या, हे त्यांच्या शरीराला सोसत नाही. झालं. बायकांची ८०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली. ती परत आली १९६० साली, रोममध्ये. बत्तीस वर्षं! आणि बायकांची मॅरेथॉन तर १९८४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच.

आपल्या मातीतलं बोलायचं तर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर आठवा. दुष्काळी मुलखातली मुलगी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी असते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. झेपण्या-न झेपण्याचा प्रश्न तिथंच मिटतो.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती लपवायची नाही. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलगा-मुलगी जवळपास सारखे धावतात. पुढं मुलांचं हिमोग्लोबिन आणि स्नायू वाढतात. मुलींच्या अंगात चरबीचं प्रमाण वाढतं आणि दर महिन्याला पाळीत रक्त जातं. त्यामुळं थोडा फरक पडतो. पण त्याहून मोठा फरक आपण पाडतो. पाळी आली की मुलीचं मैदान बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांची माहिती गोळा करून २०१९ मध्ये सांगितलं की ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के मुली पुरेशी हालचाल करत नाहीत. मुलांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के आहे. म्हणजे मुलंही कमीच, पण मुली आणखी मागं.

इथं गटातल्या बायका हमखास विचारतात, “अहो, घरात एवढं काम करते, मग वेगळा व्यायाम कशाला?” प्रश्न बरोबर आहे. पण झाडलोट, भांडी, भाकऱ्या यांनी शरीर थकतं, नाडी मात्र फारशी चढत नाही. पाण्याच्या कळशीनं मानेवर, कमरेवर ओझं येतं, पण धाप लागेल असं ते सलग चालत नाही. दमणं वेगळं आणि दम वाढणं वेगळं. शाळेत सायकलवर जाणारी मुलगी मात्र खरंच व्यायाम करत असते. तो जरूर मोजा.

आधी विहिरीत पाणी बघा

आता त्या मुलीकडं परत येऊ. फोननंतर आम्ही दोघी-तिघी तिला भेटायला गेलो. पोरगी उंचपुरी, जिद्दीची. दोन महिने एकही दिवस चुकवला नव्हता. मग दम का वाढेना? तिच्या पापणीच्या आत पाहिलं तर फिकट. नखंही फिकट. विचारल्यावर म्हणाली, जिना चढताना छातीत धडधडतं, पाळी आठ-आठ दिवस जाते, डोकं दुखतं. आईला यातलं काही सांगितलंच नव्हतं. का, तर आई धावणं बंद करेल म्हणून.

आरोग्य केंद्रात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊच्याही खाली. या वयाच्या मुलीचं किमान १२ हवं. मोटर चांगली, पाट खणणं चालू, पण विहिरीलाच पाणी नाही. मग सलग धावा नाहीतर थांबून-थांबून, शेत भिजणार कुठून?

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं दिसलं. दहा मुली रांगेत उभ्या केल्या तर त्यातल्या सहा. म्हणून आमचं कळकळीचं सांगणं आहे: व्यायाम सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. शाळेत न जाणाऱ्या मुलींना ती अंगणवाडीत मिळते. मुली ती चुपचाप फेकून देतात, कारण मळमळतं. उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यायला सांगा. शौचाला काळं होतं, त्यानं घाबरू नका. गोळीसोबत आणि जेवणासोबत चहा नको, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. त्याऐवजी लिंबू पिळा, आवळा द्या, पेरू द्या. वर्षातून दोनदा जंताची गोळी चुकवू नका. रक्त जास्तच कमी असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. डॉक्टर सांगतील तसे रोजचे उपचार घ्यावे लागतात. पाळीत फार रक्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणखी काही जणींनी आधी डॉक्टरांना विचारायचं: जिला दमा आहे, लहानपणी हृदयाचं काही निघालं होतं, धावताना जिला चक्कर येते किंवा छातीत दुखतं. विदर्भात, नंदुरबार-गडचिरोलीकडं सिकलसेलचा आजार आढळतो. सिकलसेल असलेल्या मुलीला पाणी कमी पडणं आणि अति जोर करणं धोक्याचं असतं. तिनं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जोराचं धावणं करू नये.

आठ आठवड्यांची आखणी

रक्त ठीक असेल तर सुरुवात अशी करा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. दर वेळी आधी पाच-सात मिनिटं चालून अंग गरम करायचं आणि शेवटी पाच मिनिटं चालूनच थांबायचं. धावून एकदम बसायचं नाही.

पहिला आणि दुसरा आठवडा: वीस मिनिटं भरभर चालणं. दर चार मिनिटांनी एक मिनिट हळू पळायचं.

तिसरा आणि चौथा आठवडा: सलग हळू धावणं, दहा मिनिटांपासून पंधरा मिनिटांपर्यंत. जोर अजिबात नाही.

पाचवा आणि सहावा आठवडा: दोन दिवस सलग वीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी एक मिनिट जोरात, दोन मिनिटं चालणं, असं पाच वेळा.

सातवा आणि आठवा आठवडा: दोन दिवस सलग वीस ते पंचवीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी एक मिनिट जोरात, एक मिनिट चालणं, असं आठ वेळा.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी यानंतर थांबून-थांबून धावण्याचे दिवस दोन करावेत. त्यातल्या एका दिवशी २०० मीटर जोरात, मग दोन-तीन मिनिटं चाल, असं चार ते सहा वेळा. जोराचे दोन दिवस कधीही लागून येऊ देऊ नका. शरीर विश्रांतीतच भरतं.

प्रगती कशी कळणार? अमेरिकेतल्या डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये सांगितलेली सोपी चाचणी आहे. बारा मिनिटांत किती अंतर जातं ते मोजायचं. शाळेच्या मैदानावर टेपनं मोजून २०० मीटरची फेरी आखा, चुना टाका. पहिल्या दिवशी बारा मिनिटांत किती फेऱ्या झाल्या ते वहीत लिहा. आठ आठवड्यांनी परत मोजा. दमली तर चालू द्या, फेरी मोजत राहा. मात्र मुलीची तुलना तिच्याच जुन्या आकड्याशी करायची, शेजारणीच्या मुलीशी नाही.

दुसरी खूण म्हणजे धावून थांबल्यावर लगेच नाडी मोजा आणि एक मिनिटानं परत मोजा. दम वाढत चालला की त्या एका मिनिटात ठोके जास्त भराभर खाली येतात. मुलींना ही मोजदाद फार आवडते, असा आमचा अनुभव आहे. आपलं शरीर आपल्यालाच कळू लागतं.

काही लहान पण मोठ्या गोष्टी

डांबरी रस्त्यापेक्षा मातीचं मैदान बरं. कडक रस्त्यावर रोज धावून नडगी दुखू लागते. चपलेवर किंवा अनवाणी नको, पायाला नीट बसणारे बूट हवेत. आतले कपडे घट्ट आणि आधार देणारे असावेत. छाती हलते म्हणून लाजून किती मुली धावणं सोडतात, हे आईनंच समजून घ्यायचं असतं. दुसरं कुणी समजून घेणार नाही.

पाळीत धावलं तर चालतं का? चालतं. अपाय होत नाही. कित्येकींच्या पोटदुखीला हालचालीनं आराम पडतो. फार त्रास होत असेल त्या दिवशी नुसतं चाला किंवा विश्रांती घ्या. उलट, खूप धावून आणि कमी खाऊन पाळीच बंद पडली, तर ते चांगलं लक्षण नाही. शरीराला अन्न कमी पडतंय. डॉक्टरांना दाखवा.

धावणाऱ्या मुलीला पोटभर खायला द्या. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, गूळ, दूध, जमल्यास अंडं. धावण्याआधी एखादं केळं, आल्यावर तासाभरात जेवण. घरातल्या मुलग्याला वाढताना जो हात सैल होतो, तो तिच्याही ताटावर सैल होऊ द्या. उन्हाळ्यात उन्हं वर यायच्या आत आटपा, आणि आधी-नंतर पाणी प्या.

आणि जिला बाहेर पाठवायला घर तयारच नाही? तिच्यासाठी थांबून-थांबून करायची पद्धत कामी येते, कारण तिला जागा थोडी लागते. अंगणात ३० सेकंद दोरीच्या उड्या, ३० सेकंद जागच्या जागी चालणं, असं दहा वेळा. दहा मिनिटांत होतं. उड्यांनी हाडंही बळकट होतात. पण मैत्रिणींनो, अंगणात होतंय म्हणून तिला अंगणातच ठेवू नका. मैदानावर चार जणींबरोबर धावताना जे मिळतं, ते दोरीनं मिळत नाही.

गटानं काय करायचं?

आम्ही आमच्या गावात काय केलं ते सांगतो. तुम्हाला यातलं जमेल ते घ्या.

पहिलं, मुख्याध्यापकांना भेटून शाळेचं मैदान सकाळी तासभर मुलींसाठी मागितलं. गटाचा अर्ज असला की नाही म्हणणं अवघड जातं. दुसरं, आळीपाळीनं दोघी-दोघी आया मैदानावर हजर राहतो. मुली धावतात, आम्ही कडेनं चालतो. टवाळ पोरांचं कट्ट्यावर बसणं चार दिवसांत आपोआप थांबलं. आणि खरं सांगायचं तर आमच्याही गुडघ्यांना बरं वाटू लागलं. तिसरं, आरोग्य सेविकाताईंना बोलावून सगळ्या मुलींचं हिमोग्लोबिन एकाच दिवशी तपासून घेतलं. चौथं, धावायच्या तीन दिवशी सकाळचं पाणी भरणं मुलीकडं नाही, हा नियम घरोघरी करून घेतला. हे चौथं सगळ्यात अवघड गेलं. दोन घरांत अजून भांडण चालू आहे.

त्या मुलीचं काय झालं? डॉक्टरांनी औषध सुरू केलं. रक्त वर येईपर्यंत फक्त चालायला सांगितलं. ती रडली. म्हणाली, माझं वर्ष जाईल. तिच्या आईनं तिच्यासोबत चालायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं होतं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आता ती हळू-सलग धावते आणि आठवड्यातून एकदा तिच्या त्या मैत्रिणीबरोबर थांबून-थांबून. दोघींचा वाद मिटलाय. भरतीत काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. पण परवा सासूबाई स्वतः मैदानाच्या कडेला येऊन बसल्या होत्या. आम्ही विचारलं, कशा आलात? तर म्हणाल्या, “बघायला आले, किती फेऱ्या मारते ते.”

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की आपल्या गावच्या मुलींची यादी करा: कोण किती वर्षांची, शेवटचं रक्त कधी तपासलं, शेवटचं मैदानावर कधी धावली. यादी झाली की आम्हाला फोन करा. पुढच्या भागात तुमच्या गावच्या मुलींविषयी बोलू.

येतो मैत्रिणींनो. काळजी घ्या, आणि लेकींना धावू द्या.